बंदुकीकडून बियाण्याकडे

जालन्याच्या मोंढ्यात येणाऱ्या लोकवन गव्हाची वंशावळ मेक्सिकोपर्यंत पोहोचते. त्याच मेक्सिकोत, हा गहू जन्माला येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, वर्ध्याचा एक परागंदा क्रांतिकारक शेतकऱ्यांना शेतीचे शास्त्र शिकवीत होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या विलक्षण आयुष्याचा हा मागोवा.

होळी उलटली की जालन्याच्या मोंढ्यात गव्हाची पोती उतरू लागतात. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील जायकवाडीच्या कालव्याखालचा गहू आणि भोकरदन, जाफराबादकडील विहीर-बागायतीतला गहू याच दिवसांत बाजारात येतो. वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवण्याची रीत अजून टिकवलेली शहरी कुटुंबेही तेव्हाच खरेदीला बाहेर पडतात, तळहातावर चार दाणे घेऊन पारखतात आणि बहुधा लोकवनच मागतात. लोकवन म्हणजे लोक-१ या वाणाचे बाजारात रुळलेले नाव. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत हा वाण तयार झाला. त्याच्या जनकांपैकी एक सोनालिका, आणि सोनालिकेची निवड झाली ती मेक्सिकोहून भारतात आलेल्या गव्हाच्या वंशातून.

हा गहू येण्यापूर्वी मराठवाड्यात गहू पिकत नव्हता असे नाही. बन्सी आणि खपली हे इथले जुने गहू. काळ्या, खोल जमिनीत पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर, वरचे पाणी न देता बन्सी घेतला जाई. त्याचा ताटवा उंच, उतारा मात्र बेताचा. घरातले रोजचे अन्न ज्वारीची भाकरी; गहू हा सणावाराचा, पुरणपोळीचा. पोळी रोजच्या ताटात आली ती नंतर, सिंचन आणि बुटका गहू दोन्ही आल्यावर. त्या बुटक्या गव्हाचा इतिहास सांगताना नॉर्मन बोरलॉग आणि एम. एस. स्वामिनाथन यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु मेक्सिकोच्या शेतीशाळेत त्यांच्याही आधी पाऊल टाकणाऱ्या एका मराठी माणसाची आठवण महाराष्ट्राला क्वचितच होते.

दुष्काळाच्या छायेत

पांडुरंग खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, वर्ध्याच्या एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्यात आणि पुढचे नागपुरात झाले. त्यांचे शाळकरी वय आणि मध्य प्रांताला ग्रासणारे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन भीषण दुष्काळ एकाच काळातले. धान्याअभावी माणसे गाव सोडून जात होती, आणि सरकारी शेतसारा मात्र थांबत नव्हता. परकी सत्ता आणि रिकामी कणगी यांचा संबंध समजण्यासाठी त्या पिढीतील संवेदनशील मुलाला ग्रंथ वाचण्याची गरज नव्हती. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण सशस्त्र क्रांतीचे स्वप्न पाहू लागला आणि पोलिसांची नजर त्याच्यावर खिळली.

टिळकांची भेट घेऊन, त्यांच्या सल्ल्याने, खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहाजाने देशाबाहेर पडले. पहिला मुक्काम जपान. आशियातील हा छोटा देश रशियासारख्या सत्तेला नमवून नुकताच उभा राहिला होता आणि अनेक भारतीय तरुणांच्या आशा त्याच्याकडे लागल्या होत्या. तेथे जपानी आणि चिनी राष्ट्रवाद्यांच्या सहवासात काही काळ काढून खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले.

गदर आणि शेतीशास्त्र

अमेरिकेत त्यांनी दोन विद्या एकाच वेळी शिकण्याचे ठरवले. एक युद्धाची आणि दुसरी शेतीची. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाईस लष्करी शाळेत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले. त्याचबरोबर शेतीशास्त्राचा अभ्यास सुरू ठेवला, आणि त्यासाठी ऑरेगॉनमधील कोर्व्हॅलिस व वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालये गाठली. वरवर पाहता हा विसंवाद वाटतो, पण खानखोजे यांच्या लेखी तो नव्हता. परकी सत्ता घालवण्यासाठी बंदूक हवी, आणि ती गेल्यानंतर उपाशी शेतकरी उभा करण्यासाठी बियाणे हवे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या काळी ऑरेगॉन व वॉशिंग्टनच्या लाकूड गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत हजारो पंजाबी शेतकरी मजुरी करीत होते. गोऱ्या मजुरांचा द्वेष आणि ब्रिटिश सरकारची बेफिकिरी या दोन्हींच्या कात्रीत ते सापडले होते. या कष्टकऱ्यांना संघटित करण्याच्या कामात खानखोजे सुरुवातीपासून होते. सोहनसिंग भाकना, लाला हरदयाळ, पंडित काशीराम यांच्यासह उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. नोव्हेंबर १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ हे पत्र निघू लागले. चळवळीच्या लष्करी तयारीत खानखोजे यांचा मोठा वाटा होता. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हेही याच चळवळीतले.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि उठावाची घटिका आली, असे गदरच्या नेत्यांना वाटले. पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा भारतात परतले. खानखोजे यांनी वेगळी वाट धरली. तुर्कस्तानमार्गे इराणात शिरून, बलुचिस्तानच्या सीमेवरून ब्रिटिश हिंदुस्थानात सशस्त्र दल घुसवण्याची ती योजना होती. भारतातील उठाव फितुरीने फसला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे आणि सराभा फासावर गेले. इराणात खानखोजे आणि त्यांचे सहकारी सूफी अंबाप्रसाद स्थानिक टोळ्यांच्या साथीने ब्रिटिश फौजांशी झुंजत राहिले. पाठलाग, जखमा, कैद आणि सुटका असा तो काळ होता. अंबाप्रसाद इराणातच संपले. खानखोजे वाचले, पण मायदेशाची दारे त्यांना बंद झाली होती.

युद्धानंतर ते युरोपात आले. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्त यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९२१ साली भारतीय क्रांतिकारकांचे जे शिष्टमंडळ मॉस्कोला गेले, त्यात तेही होते. तेथूनही हाती फारसे काही लागले नाही. वय चाळिशीकडे झुकले होते, सोबती फासावर गेले होते किंवा विखुरले होते. जवळ उरले होते ते शेतीचे ज्ञान.

चापिंगोचा अध्यापक

१९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी त्यांचा स्नेह जुळला होता, तो आता उपयोगी पडला. मेक्सिकोत १९१० साली सुरू झालेली क्रांती मुळात जमिनीसाठीची होती. बड्या जहागिरदारांच्या विशाल मळ्यांवर राबणाऱ्या भूमिहीनांनी जमीन मागितली होती. या शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो झपाटा १९१९ साली दग्याने मारला गेला, पण जमीनवाटपाचे वचन नव्या राज्यकर्त्यांना पाळावे लागले. जमीन मिळालेल्या कुळांना शेतीचे आधुनिक ज्ञान कोण देणार, हा पुढचा प्रश्न होता. राजधानीजवळच्या चापिंगो येथील जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतेच हलवण्यात आले होते. तेथे खानखोजे यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

स्पॅनिश भाषा आत्मसात करून त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि पीकसुधारणा हे विषय शिकवले. गहू, मका, कडधान्ये आणि रबर अशा विविध पिकांवर संशोधन केले. दुष्काळ आणि हिमकडाका सोसणारे वाण शोधणे हा त्यांच्या कामाचा मध्यवर्ती धागा होता. मेक्सिकोच्या पठारावरील गरीब शेतकऱ्याकडे पाटाचे पाणी नव्हते. आभाळातून पडेल तेवढ्यावर त्याचे पीक अवलंबून होते. ज्याने विदर्भातले दुष्काळ बालपणी पाहिले, त्याला हे दुखणे परके नव्हते.

मका हे मेक्सिकोचे मूळ धान्य. त्याचा रानटी सोयरा तेओसिंते या गवताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग खानखोजे यांनी केले. एका देठावर अनेक कणसांचा झुबका धरणाऱ्या, डाळिंबासारख्या दिसणाऱ्या मक्यावरील त्यांचे स्पॅनिश पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध झाले.

पण त्यांचे सर्वांत मोलाचे काम विद्यालयाच्या आवाराबाहेर घडले. चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. या शाळांना शुल्क नव्हते. दिवसभर राबणारा शेतकरी आणि त्याची मुले तेथे येत. त्यांपैकी एका शाळेला झपाटाचे नाव देण्यात आले होते. शास्त्र शेतकऱ्याच्या बांधावर गेले पाहिजे, हे आज प्रत्येक कृषी विद्यापीठाचे घोषवाक्य असते. खानखोजे यांनी ते १९२० च्या दशकात, परक्या देशात, परक्या भाषेत करून दाखवले.

या शाळांचे आणि त्यांच्या मक्याचे छायाचित्रण तिना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकार स्त्रीने केले. चित्रकार दिएगो रिव्हेरा खानखोजे यांचा मित्र. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिव्हेरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात जी भव्य भित्तिचित्रे रंगवली, त्यांपैकी एकाचा विषय आहे रोजची भाकरी. मेजाभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी एक पुरुष गव्हाचा पाव मोडून वाटतो आहे. तो पुरुष म्हणजे खानखोजे असे मानले जाते. फासाच्या दोरापासून निसटलेल्या बंडखोराला मेक्सिकोने अन्नदात्याच्या रूपात पाहिले, ही गोष्ट कोणत्याही पदकाहून मोठी आहे.

१९३६ साली त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला. या दांपत्याला दोन मुली झाल्या. त्यांपैकी सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे आयुष्य वाचकांपर्यंत पोहोचवले.

दाण्याचा प्रवास

१९४० च्या दशकात मेक्सिकोच्या गव्हाच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९४३ साली धान्य संशोधनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि पुढच्या वर्षी नॉर्मन बोरलॉग तेथे दाखल झाले. या कार्यक्रमाचे एक प्रायोगिक क्षेत्र चापिंगोतच होते. खोडावरील तांबेरा रोगाने मेक्सिकोचा गहू उद्ध्वस्त होत होता. बोरलॉग यांनी त्याला दाद न देणारे वाण काढले. त्यासाठी वर्षातून दोनदा, देशाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या उंचीवर पेरणी करण्याचा मार्ग त्यांनी अवलंबला. १९५६ पर्यंत मेक्सिको गव्हात स्वयंपूर्ण झाला.

तरी एक अडचण उरलीच. उंच गव्हाला भरपूर खत दिले की ओंबी जड होई, ताट तो भार पेलू शकत नसे आणि पीक लोळून जाई. त्यावर उपाय सापडला जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हात. महायुद्धानंतर, १९४६ साली, त्याचे बियाणे अमेरिकेत गेले. पुलमन येथे ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचा स्थानिक गव्हाशी संकर केला, आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ते वाण बोरलॉग यांच्या हाती आले. मेक्सिकोत त्यातून बुटके, ताठ कांडीचे आणि खताला प्रतिसाद देणारे गहू निर्माण झाले.

जपान, पुलमन, मेक्सिको आणि मग भारत असा या दाण्याचा प्रवास झाला. खानखोजे यांच्या आयुष्याची वाटही नेमकी तीच होती. बियाणे त्यांच्यामागून, तीन-चार दशकांच्या अंतराने, त्याच मुक्कामांवरून गेले. यावरून बुटक्या गव्हाचे जनकत्व त्यांना बहाल करण्याचे कारण नाही; ते श्रेय बोरलॉग, व्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. मात्र ज्या मेक्सिकोने जगाला हा गहू दिला, तेथे शेतीशास्त्राची जमीन नांगरणाऱ्या आरंभीच्या हातांत एक हात वर्ध्याचा होता, हे नाकारता येत नाही.

परतीची वाट

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्या दिवसासाठी खानखोजे यांनी घर सोडले, तो दिवस त्यांना हजारो मैलांवरून पाहावा लागला. परत येऊ म्हणताच आणखी एक आघात वाट्याला आला. ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी स्वतंत्र भारताच्या दप्तरातून पुसली गेली नव्हती, आणि त्या आधारे त्यांना आधी प्रवेशपत्र नाकारण्यात आले. अखेर बंदी उठली. १९४९ साली ते मायदेशी येऊन गेले. मध्य प्रांत सरकारला शेतीविषयक सल्ला देण्याचे काम त्यांनी केले. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते कायमचे परतून नागपूरला स्थायिक झाले. परंतु चार-पाच दशकांच्या गैरहजेरीनंतर त्यांना ओळखणारे फार थोडे उरले होते. मेक्सिकोत ज्यांच्या शाळा गावोगाव भरत होत्या, त्यांच्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याची घाई येथे कोणालाच नव्हती.

देशात तेव्हा अन्नाची चणचण वाढत होती. अमेरिकेहून पीएल-४८० कराराखाली येणाऱ्या गव्हावर शहरांतील रेशन चालत होते. १९६३ साली बोरलॉग भारतात येऊन गेले. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या घेतल्या आणि १९६६ साली सोनोरा-६४ व लर्मा रोहो या वाणांचे १८ हजार टन बियाणे मेक्सिकोहून मागवण्यात आले. त्याचा दाणा लाल होता. पोळीसाठी पिवळसर, टपोरा दाणा पारखून घेणाऱ्या भारतीय गृहिणीला तो पसंत पडणारा नव्हता. तेव्हा शास्त्रज्ञांनी अंबर रंगाचे वाण निवडले. कल्याणसोना आणि सोनालिका १९६७ साली प्रसारित झाले. १९६८ च्या हंगामात देशात सुमारे १६५ लाख टन गहू पिकला. त्यापूर्वीचा विक्रम सुमारे १२० लाख टनांचा होता. सरकारने गहूक्रांतीचे टपाल तिकीट काढले.

ते पाहायला खानखोजे नव्हते. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. त्या रब्बीत मेक्सिकोहून आलेले बियाणे उत्तर भारतातील शेतांत ओंबीवर येत होते.

जालन्याच्या शेतात

मराठवाड्याला या क्रांतीचा लाभ उशिरा आणि अर्धवट मिळाला. १९७२ च्या दुष्काळात येथील माणसे परदेशी मिलो आणि लाल गव्हावर जगली. पुढे जायकवाडीचे पाणी आले, विहिरींवर पंप बसले आणि बुटका गहू रुजला. बुटक्या गव्हाचे गणित पाण्याचे आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली, तर सुमारे एकविसाव्या दिवशी मुकुटमुळे फुटताना, मग कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना पाणी मिळालेच पाहिजे. यांतले पहिले चुकले तर फुटवे कमी होतात. शेवटचे चुकले तर दाणा चिंबतो. थंडी लवकर सरली तरी तीच गत. ज्याच्याकडे कालवा किंवा भरवशाची विहीर आहे, त्याच्यासाठी हा गहू वरदान ठरला. जिल्ह्यातील बाकीचा कोरडवाहू शेतकरी हरभरा आणि ज्वारीवर थांबला.

खानखोजे यांचे महत्त्व इथे पुन्हा जाणवते. पाणी असलेल्या शेतासाठी उत्तम वाण देण्याचे काम बोरलॉग यांच्या पिढीने केले. पाणी नसलेल्या शेतकऱ्यासाठी वाण शोधणे आणि त्याला विनामूल्य शिकवणे, हे खानखोजे यांनी हाती घेतलेले काम मात्र अजून अपुरे आहे. जालना ही आज बियाण्यांची बाजारपेठ म्हणून देशभर ओळखली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच महिको स्थापन केली. संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. गव्हाचे तसे नाही. तो स्वतःच्याच परागावर फळतो, म्हणून नीट निवडलेले घरचे बियाणे काही हंगाम शुद्ध राहते. शेतकऱ्याला थोडे शास्त्र शिकवले, तर हे बियाणे त्याच्या कणगीत तयार होऊ शकते. मुक्त कृषी शाळांना अभिप्रेत असलेले स्वावलंबन याहून वेगळे नव्हते.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी मेक्सिकोला गेले होते. नागपूर-वर्ध्याबाहेरच्या महाराष्ट्रात त्या बातमीची फारशी दखल घेतली गेली नाही. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, जानेवारीच्या थंडीत, दुधनाकाठच्या शेतांत गहू ओंबीवर असतो. त्याला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहत बांधावर बसलेल्या शेतकऱ्याला खानखोजे हे नाव कोणी सांगितलेले नसते. ज्याच्यासाठी त्यांनी बंदूक आणि बियाणे दोन्ही हाती धरले, तो हाच शेतकरी.